घडीचा चाकू खिशात बाळगणारं कुणी आहे का इथे? (आणि फुगलेल्या मुठीचं काय करू?)

सड्यावरचा | ११ जुलै

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो ते एका चाकूमुळे.

आमची दापोली तालुक्यात आंबा-काजूची छोटी रोपवाटिका आहे. त्यामुळे धारेच्या वस्तूंचं मला अप्रूप नाही. कोयता, आकडी, कलमाचा चाकू, सगळं रोजचंच. कलमाच्या चाकूला तर घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही, त्याने बायकोने एकदा कोथिंबीर चिरली तर दोन दिवस अबोला होता. पण ज्याला ठरलेलं काम असं काहीच नाही, जो नुसता खिशात असतो, असा चाकू मला चाळिशी उलटल्यावर मिळाला.

भाचा फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकतो. गेल्या दिवाळीत येताना त्याने शाँबेरीहून ओपिनेल नावाचा घडीचा चाकू आणला. क्रमांक ८, साध्या कार्बन पोलादाचा, मूठ बीच लाकडाची. पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. वजनाचं मुद्दाम सांगतो, कारण पहिल्यांदा हातात घेतल्यावर मला ते खेळणं वाटलं. पोरगा म्हणाला, "मामा, तिकडे हा शेतकऱ्याच्या खिशात असतो. चीज, पाव, सफरचंद, सगळं यानेच." आणि माझ्याकडून एक रुपयाचं नाणं मागून घेतलं. तिकडे म्हणे चाकू फुकट दिला तर मैत्री कापली जाते. आईला हे फार पटलं. सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे.

पहिला महिना तो कपाटात होता. मग एकदा सहज खिशात टाकला आणि तेव्हापासून दिवसातून पंधरा-वीस वेळा बाहेर येतो. सुतळी, ठिबकची नळी, टपालाची पाकिटं, पेन्सिल. खताच्या गोणीची शिवण. (खरं तर त्या शिवणीचं योग्य टोक ओढलं की अख्खा दोरा सरसर निघतो, पण ते टोक पहिल्या फटक्यात कुणाला सापडलंय?) मार्चपासून कैरी. बांधावर उभ्या उभ्या कैरीची फोड काढायची, खिशातल्या पुडीतलं तिखटमीठ लावायचं. यासाठी आधी घरापर्यंत यावं लागायचं, आणि घरी आलं की चार कामं मागे लागायची.

आता अडचण. दोष चाकूचा नाही, माझा आहे. गेल्या आठवड्यात भिजून आलो, पँट पडवीत वाळत टाकली आणि चाकू खिशातच राहिला. तीन दिवस. मूठ अशी फुगली आहे की पातं बाहेर येत नाही. नखाच्या खाचेत नख घालून ओढलं तर नख मोडलं. पकडीने ओढू का? पात्यावर ओरखडे येतील म्हणून थांबलोय.

---

पावशेर | ११ जुलै

पकड अजिबात नको!!

यावर तिकडचाच जुना तोडगा आहे, ओपिनेलच्या मुलखातल्या सॅव्हॉयवाल्यांची टिचकी म्हणा. मुठीच्या तोंडाशी पातं अडकवणारी कडी असते, ती फिरवून मोकळी करा. मूठ सैल धरा आणि तिच्या शेवटचा गोल भाग लाकडी फळीवर टक टक आपटा. झटक्याने पात्याचं टोक जरा वर येतं. मग चिमटीत धरून ओढायचं. बोटं धारेच्या वाटेत ठेवू नका, सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

बाकी धागा मस्त. मी ट्रेकला स्विस चाकू वापरतो, त्यावर सवडीने लिहितो. फोटो हवेच.

---

सड्यावरचा | ११ जुलै

पाच-सहा वेळा आपटल्यावर उघडला! धन्यवाद. आता बंद करायची भीती वाटतेय. उघडाच पेपरात गुंडाळून ठेवलाय. आई विचारते, घरात बकरा कापायचाय का.

---

तिरफळ | १२ जुलै

वाचतेय. पण एक प्रामाणिक शंका. घरात विळी आहे, कोयता आहे, किचनमध्ये चार सुऱ्या आहेत. मग हे फ्रेंच लाड कशाला?

विळीवर बसलं की दोन्ही हात मोकळे असतात. पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. नारळ खवायचा, फणस सोलायचा, मासे कापायचे, सगळं एकाच ठिकाणी. पुरुषांना खिशात चाकू ठेवून जंगलात निघाल्यासारखं वाटतं, आणि प्रत्यक्षात त्याने फोडली जाते चिप्सची पिशवी.

---

सड्यावरचा | १२ जुलै

तिरफळताई, चिप्सचं कबूल. 🙂

पण विळी खिशात मावत नाही हो.

---

सहाण | १२ जुलै

पिंपरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली, आता निवृत्त. पोलादावर दोन शब्द लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तिरफळताईंनी विळी काढली ते बरं झालं, कारण या चाकूचं सगळं शास्त्र तुमच्या विळीतच आहे. जुनी विळी म्हणजे कार्बन पोलादच, स्टेनलेस नव्हे. तुमच्या आजीला कुणी सांगावं लागत होतं का, की विळी ओली ठेवू नकोस? चिरून झालं की धुवायची, लगेच पुसायची, बरेच दिवस लागणार नसेल तर तेलाचं बोट फिरवायचं. केळफूल किंवा कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडायचं, चिरलेलं पण काळं पडायचं. ओपिनेलच्या कार्बन पात्यात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो. त्याची धार दगडावर पटकन लागते, बारीक लागते, आणि गंजही तितक्याच पटकन लागतो. दोन्ही एकाच वेळी पदरात घ्यावं लागतं.

धागाकर्ते कैऱ्या कापतात म्हणजे पातं आतापर्यंत निळसर-काळं झालं असणार. ते घासून चकचकीत करू नका. आंबटाने आणि तुरटपणाने पोलादावर बसलेला तो काळा थर चांगला, तो चिकटून बसतो आणि खालच्या पोलादाला सांभाळतो. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागतो तो गंज वाईट. तो मात्र दिसला की काढायचा. तेलात बुडवलेला बारीक वॉटर पेपर बास.

मुठीचं सांगतो. बीच लाकूड ओल फार धरतं. फुगतं ते धाग्यांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून मूठ लांब होत नाही, पण पात्याची चीर दोन्ही बाजूंनी आवळते, आणि खिळ्यापाशी तर जास्तच. उपाय असा:

आधी पूर्ण सुकू द्या. उन्हात नको, चुलीवर नको, तडकेल. आठवडाभर कोरड्या जागी. मग चिरेच्या आतल्या भिंतींवर पॉलिश पेपरची पट्टी दुमडून हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. जास्त घासलंत तर हिवाळ्यात पातं आत लटपटेल. मग कच्चं जवसाचं तेल. खोबरेल नको, खोबरेल सुकत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं तेल हवेने सुकून लाकडात घट्ट होतं. पातळ हात, दोन दिवस थांबा, पुन्हा पातळ हात. असे चार-पाच.

आणि हे महत्त्वाचं. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये (लाकडी साचे करायचा विभाग) कचऱ्याच्या डब्यातून धूर निघालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. फडकं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

---

सड्यावरचा | १३ जुलै

काका, साष्टांग. पातं अगदी तुम्ही म्हणता तसंच झालंय, टोकाकडे जांभळट, मुळाशी राखाडी. मी खराब झालं समजून गेल्या महिन्यात राखेने घासायला बसलो होतो. भाच्याने फोनवर ओरडून थांबवलं.

जुलैत कोकणात कोरडी जागा म्हणजे कुठली, हाही प्रश्नच. तांदळाच्या डब्यात ठेवू?

---

सहाण | १३ जुलै

तांदूळ स्वतःच तिकडे दमट झालेला असेल. घरात सतत कोमट असणारी वस्तू शोधा.

---

तिरफळ | १३ जुलै

सेट-टॉप बॉक्स. आमच्याकडे पावसाळ्यात पापड, काडेपेट्या आणि सासऱ्यांच्या कानाच्या मशीनचे सेल, सगळं त्याच्यावर असतं.

---

सड्यावरचा | १३ जुलै

ठेवला. आता टीव्हीसमोर चाकू बघून पाहुणे जरा सरकून बसतात.

---

बोरू | १५ जुलै

तिरफळताईंच्या "फ्रेंच लाड"वर एक मुद्दा. खिशातला छोटा चाकू आपल्याकडे परका नाही. लिहिणाऱ्या माणसाजवळ तो असायचाच. बोरू तासायला. जुना शब्दही आहे, कलमतराश. इंग्रजीतला पेननाइफही तोच, पिसाची टोकं तासायचा.

मी तीन वर्षांपूर्वी मोडी शिकायला सुरुवात केली तेव्हा सरांनी पहिल्या दिवशी पेन बाजूला ठेवायला लावलं आणि हातात बोरू दिला. बोरू तासणं हा अर्धा अभ्यास आहे. आधी लांब तिरका काप, मग दोन्ही बाजूंनी कडा, मग मध्ये बारीक चीर, आणि शेवटी टोकाचा एकच खटका, तोही तिरका. त्या शेवटच्या कापात हात थरथरला तर अख्खं अक्षर बिघडतं. कटरचं पान वाकतं, त्याने हे जमत नाही. मी साध्या घडीच्या चाकूने करतो, पातं सहा सेंटिमीटरचं. त्याचा दुसरा कसलाही उपयोग मी करत नाही. सड्यावरच्यांच्या कोथिंबिरीच्या अबोल्याला माझा पूर्ण पाठिंबा.

---

पावशेर | १६ जुलै

कबूल केल्याप्रमाणे.

माझा लाल स्विस चाकू आजोबांच्या मित्राने आणलेला, पंचवीस वर्षं झाली. थोडा इतिहास, कारण मला तो आवडतो. कार्ल एल्सनर नावाच्या माणसाने १८८४ मध्ये श्वित्झ प्रांतातल्या इबाख गावी कारखाना काढला. त्या वेळी स्विस सैन्याचे चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून यायचे, हे त्याला सलत होतं. १८९१ पासून त्याने सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. तो सैनिकाचा चाकू दणकट पण जड होता. मग १८९७ मध्ये त्याने हलका अधिकाऱ्यांचा चाकू केला, त्यात बुचाचा स्क्रूही घातला. आईचं नाव व्हिक्टोरिया. १९०९ मध्ये ती गेल्यावर कारखान्याला तिचं नाव दिलं, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आलं तेव्हा त्याच्या फ्रेंच नावातलं "इनॉक्स" जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

मजा बघा, ओपिनेलची सुरुवात त्याच सुमाराची. जोसेफ ओपिनेलने पहिला चाकू १८९० मध्ये केला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. एकाने पुढे एकेक हत्यार वाढवत नेलं. दुसऱ्याने पातं, मूठ, खिळा, कडी याच्या पलीकडे फारसं काही घातलं नाही, फक्त मापं केली, १ ते १२. त्यातले १ आणि ११ पुढे बंद केले. माझा जीव पहिल्यात, पण दुसऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

आता किस्सा. राजगडावर संजीवनीच्या बाजूला आम्ही पाच जण, जेवणाची वेळ. चपात्या, कांदा, टोमॅटो. मी शहाणपणा करून चाकूच्या टोकाने डब्याच्या झाकणाला भोक पाडायला गेलो. डबा उघडायचं हत्यार त्याच चाकूत होतं, तरी. पातं उघडं अडकवणारी खिट्टी नसलेला चाकू टोकाने दाबला की तो मिटणारच, आणि मिटतो तो आपल्याच बोटांवर. तर्जनीला तीन टाके, पाली गावापर्यंत रुमाल बांधून उतरलो. माझ्या बॅगेतला कांदा दुसऱ्यांनी खाल्ला.

तेव्हापासून नवीन मुलांना एकच सांगतो. घडीचा चाकू ओढून कापायचा असतो, खुपसायचा नसतो.

---

सड्यावरचा | १६ जुलै

बाप रे. म्हणूनच ती फिरती कडी आहे वाटतं. भाचा म्हणाला होता की ती नंतर आली, १९५५ मध्ये. त्याआधी ६५ वर्षं लोक तसेच वापरत होते.

---

आगाऊ | १६ जुलै

एवढ्या चर्चेत रामपुरीचं नाव कुणी घेतलं नाही. हिंदी सिनेमा बघितला नाही का? खटका दाबला की खट्!

---

काळा कोट | १७ जुलै

आगाऊ यांनी दार उघडलंच आहे तर आत येतो.

रामपुरी ही उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची कला आहे. तिथे २०२३ मध्ये चौकात सहा मीटरहून मोठा चाकू उभारलाय. पण सिनेमाने त्याचं असं काही केलं की "खिशात चाकू" म्हटलं की लोकांना गुंडच आठवतो. फळं कापणाऱ्या माणसाचं त्यात नुकसान झालं.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीच्या वापराची सोडून. साडेआठ सेंटिमीटर म्हणजे साडेतीन इंचही नाही. तरी निर्धास्त राहू नका. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्यांत चाकू-सुऱ्यांचा उल्लेख असतो. बागेत, शेतात, ट्रेकवर कुणी विचारत नाही. मिरवणुकीत, सभेत, कोर्टात, मॉलमध्ये नेऊ नका. विमानाला हातातल्या बॅगेत चुकूनही नको. तिथे काढून घेतलेला चाकू परत मिळत नाही. माझा गेलाय, वडिलांचा होता.

---

तिरफळ | १७ जुलै

अरेरे. 😔

---

धुकं | १९ जुलै

इंग्लंडात लेस्टरला राहते. इकडचा नियम उलटा आहे, आणि तो ऐकून मला आधी हसू आलं होतं. तीन इंचांपेक्षा कमी पात्याचा, घडीचा आणि *खिट्टी नसलेला* चाकू कारण न सांगता खिशात ठेवता येतो. पातं उघडं अडकवून ठेवणारी सोय असेल तर तो घडीचा धरतच नाहीत, सबळ कारण लागतं. म्हणजे पावशेर यांचं बोट कापणारा चाकू इथे चालतो, आणि बोट वाचवणारी कडी असलेला ओपिनेल चालत नाही!

माझ्याकडे शेफील्डचा जुना छोटा चाकू आहे, दोन पात्यांचा, शिंगाच्या मुठीचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दिला. त्यांचे यजमान त्याने बागेतली टोमॅटोची बांधणी कापायचे. मी अळूच्या वड्यांचे दोरे कापते. बाईंना अळू म्हणजे काय ते समजावून सांगायला एक दुपार गेली.

---

कोबेकर | २१ जुलै

जपानहून हजेरी. इथून जवळच मिकी नावाचं गाव आहे, ह्योगो प्रांतात, अवजारांसाठी प्रसिद्ध. तिथला घडीचा चाकू म्हणजे हिगोनोकामी. अक्षरशः "हिगोचे सरदार". मूठ म्हणजे दुमडलेला पितळेचा किंवा लोखंडी पत्रा, आणि पात्याच्या मागे एक चिमुकली शेपटी. शेपटी अंगठ्याने दाबली की पातं उघडतं, आणि कापताना अंगठा तिच्यावर दाबून ठेवायचा, तीच खिट्टी. पूर्वी इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात हा असायचा, पेन्सिलीला टोक करायला. मग १९६० च्या सुमारास मुलांच्या हातातून चाकू काढून घ्यायची मोहीम निघाली आणि कारखाने बंद होत गेले. आज परंपरेने बनवणारं एकच घराणं उरलंय. सहा सेंटिमीटरहून मोठं पातं सबळ कारणाशिवाय बाळगणं इथेही गुन्हा.

माझा पितळी आहे. पितळेला हाताचा वास येतो, किंवा हाताला पितळेचा, दोन वर्षांत ठरवता आलेलं नाही.

---

तिरफळ | २१ जुलै

तुम्ही सगळे मिळून मला काय करताय ते माझ्या लक्षात येतंय.

आता एक सांगते. लहानपणी मे महिन्यात मामा आम्हाला मुंबई सेंट्रलहून एस्टीने रत्नागिरीला न्यायचा. माणगावला गाडी थांबली की पेरू किंवा काकडी घ्यायचा, आणि बनियनच्या आतल्या खिशातून चाकू काढायचा. काळ्या मुठीचा, एवढासा. पेरूच्या चार फोडी करायचा पण खालून सुटू द्यायचा नाही, फुलासारखा उघडायचा, आणि मध्ये तिखटमीठ भरायचा. कापताना पातं अंगठ्याकडे ओढायचा आणि अंगठ्याला कधी लागलं नाही. आम्ही चौघी बहिणी तोंड उघडून तेच बघत बसायचो. मामा गेल्यावर वस्तू वाटल्या तेव्हा त्या चाकूची कुणाला आठवणही झाली नाही. भंगारात गेला असणार.

विळीचं मत कायम आहे. पण विळीने एस्टीत पेरू कापता येत नाही हे मान्य.

---

बोरू | २२ जुलै

ताई, या धाग्यातली सर्वोत्तम पोस्ट.

अवांतर: आपल्याकडचं खिशातलं खरं परंपरेतलं पातं म्हणजे अडकित्ता. पानाच्या बटव्यात असायचा. दोन हातांची कात्री करून मध्ये सुपारी. घोड्याच्या, मोराच्या आकाराचे अडकित्ते जुन्या घरांत अजून निघतात. पण त्याने पेरू कापता येत नाही, म्हणून इथे अवांतर.

---

सड्यावरचा | ४ ऑगस्ट

अहवाल. सेट-टॉप बॉक्सवर नऊ दिवस. पॉलिश पेपर पाच वेळा. जवसाच्या तेलाचे चार हात (फडकी अंगणात दगडाखाली पसरून वाळवली, बायको म्हणाली तोरण लावलंय). मूठ मधाच्या रंगाची झाली आहे. बाहेर धो धो पाऊस आणि चाकू एका नखाने उघडतो.

आता धारेचं विचारतो. आमच्याकडे सायकलवरचा धारवाला येतो, त्याच्याकडे देऊ का?

---

सहाण | ४ ऑगस्ट

नका देऊ. त्याचा हात चांगला असेल, कोयत्याला, कात्रीला खुशाल द्या. पण सुकं चाक वेगात फिरतं आणि तुमचं पातं बारीक. ठिणग्या उडतात त्या क्षणी धारेची कड तापलेली असते. कड निळी पडली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. मग कितीही धार लावा, दोन पेरूंत बोथट.

लोहाराने पाणी देताना तापलेलं पोलाद बुडवून जे कमावलं, ते चाकावर अर्ध्या मिनिटात जातं.

घरी करा. एक हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. दगड ओला. पातं दगडावर आडवं टाका, मग पाठ थोडी उचला, साधारण वीस अंश. अंदाज हवा तर पाठीखाली दोन-तीन नाणी रचून एकदा कोन बघून ठेवा, मग काढून टाका. दगडावरून पातळ पापुद्रा कापतोय अशा बेताने ढकला. एका बाजूला इतकं करा की पलीकडच्या बाजूला नखाला अडकेल अशी बारीक कड वळलेली लागेल. लागली की बाजू बदला. ती कड लागेपर्यंत थांबत नाहीत आणि मग म्हणतात धार लागत नाही, नव्वद टक्के लोकांचं इथेच चुकतं. (नव्वद हा माझा अंदाज, ३४ वर्षांच्या ॲप्रेंटिस मुलांवरून.)

शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढा, दहा-दहा वेळा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला की झालं. हाताचे केस काढून दाखवायची गरज नाही, मुलं काढतात.

---

पावशेर | ५ ऑगस्ट

माझ्या डाव्या हातावर सध्या केस नाहीत. 🙈

---

सड्यावरचा | १७ ऑगस्ट

काकांच्या कडेचं गणित तिसऱ्या दिवशी कळलं. पहिले दोन दिवस नुसता दगड ओला करत होतो.

सध्या कोय कलमांचा हंगाम आहे. दोन आठवड्यांचं कोवळं रोप, त्याला चीर, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप, पाचर चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. एका बैठकीत शंभर. ते अर्थात कलमाच्याच चाकूने. पण कोन धरायचा, एकाच ओढीत काप घ्यायचा, दोनदा घासायचं नाही, हे माझ्या हाताला ठाऊक होतं आणि दगडावर मी ते विसरूनच गेलो होतो. बाबा काडी कापताना दम रोखायचे. परवा दगडावर माझा आपोआप रोखला गेला आणि कड पहिल्यांदा सरळ आली.

पट्टी कापायला मात्र ओपिनेल. शंभर कलमं म्हणजे शंभर पट्ट्या.

---

तिरफळ | २३ सप्टेंबर

कळवायला आनंद होतो की गणपतीत भावाने मला क्रमांक ६ दिला. सात सेंटिमीटर. स्टेनलेसवाला घेतला, मी काळ्या थराची कौतुकं करत बसणार नाही. रुपया दिला त्याला.

पर्समध्ये असतो. काल डोंबिवली लोकलमध्ये नाही काढला, काळा कोट यांना घाबरून. घरी येऊन पेरूचं फूल करून बघितलं. तीन फोडी धरून राहिल्या, चौथी ताटात पडली.

---

सड्यावरचा | १ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. कोयते, आकडी, कुदळ, कलमाचे चाकू, फवारणीचा पंप, सगळं मांडलं. ओपिनेल ठेवायचा की नाही यावर घरात चर्चा. आई म्हणाली, राबतो ना? मग ठेव. पातं उघडून, कडी फिरवून ठेवला. पात्यावर मुकुट घातलेला हात कोरलेला असतो, आईने नेमकं त्या हातालाच हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. भाच्याला फोटो पाठवला तर म्हणतो त्याच्या खोलीतल्या फ्रेंच मुलाला दाखवला, तो पाच मिनिटं काही बोललाच नाही.

---

सहाण | १ ऑक्टोबर

छान. पण हळद-कुंकू ओलं लावलं असेल तर उद्यापर्यंत थांबू नका. आजच कोरड्या फडक्याने पुसा आणि खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब सोडा. झेंडूखाली ओल राहते.

---

सड्यावरचा | १ ऑक्टोबर

पुसला. फुलाखाली तांबूस ठिपका यायला लागलाच होता. आईला सांगितलं नाही.